गॅरेजच्या दरवाजाचे सुरक्षा सेन्सर काढून छताला बांधल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

महोदय,

गंगापूर रोडवरच्या आमच्या बंगल्यात २०१२ साली तुमच्या कंपनीचा गॅरेज डोअर ओपनर, म्हणजे दरवाजा मोटारीने उघडबंद करणारे यंत्र, बसवला. तेरा वर्षे त्याने उत्तम काम केले, हे आधी नमूद करतो. माझी तक्रार आहे ती मागच्या मंगळवारी तुमचा टेक्निशियन आमच्याकडे जे करून गेला त्याबद्दल.

डिसेंबर लागला तसा दरवाजा संध्याकाळी बंद होईनासा झाला. बटण दाबले की फूटभर खाली यायचा, थबकायचा आणि परत वर जायचा. मोटारीवरचा दिवा लुकलुकत राहायचा. सकाळी आणि रात्री मात्र काही त्रास नाही. हे सगळे मी फोनवर नीट सांगितले होते, वेळेसकट. तरी माणूस पाठवला सकाळी अकरा वाजता. त्याच्यासमोर दरवाजा दोनदा व्यवस्थित बंद झाला. त्याने वर नुसते पाहिले आणि म्हणाला, "तेरा वर्षं झाली साहेब, बोर्ड गेलाय. आता नवीनच घ्या." अठ्ठेचाळीस हजारांचे कोटेशन लगेच मोबाइलवर आले. बोर्ड, म्हणजे मोटार चालवणारे सर्किट, कशावरून गेले, हे दाखवा म्हटले तर उत्तर नाही. "तोवर काम चालू करून देतो" म्हणत तो शिडीवर चढला, अर्धा तास काहीतरी केले, व्हिजिटचे साडेसातशे रुपये घेतले आणि गेला.

संध्याकाळी दरवाजा झटक्यात बंद झाला. आम्हाला बरे वाटले.

गुरुवारी माझ्या चार वर्षांच्या नातीची तीनचाकी सायकल नेमकी दरवाजाखाली राहिली होती. सुनेने गाडी आत घेतली आणि घरात येता येता रिमोट दाबला. दरवाजा सायकलच्या हँडलवर टेकला, तरी मोटार ओढतच राहिली. हँडल वाकले, पुढचे चाक तिरपे झाले, तेव्हा कुठे तो उलटा फिरला. नात त्या वेळी स्वयंपाकघरात आजीजवळ होती. ती सायकलवर असती तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

मी शिडी लावून वर पाहिले. जमिनीजवळ दरवाजाच्या दोन बाजूंना असायला हवेत ते दोन्ही सेन्सर (एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो टिपतो; किरण अडला की दरवाजा परत वर जातो) मोटारीशेजारी पट्टीला काळ्या टेपने गुंडाळलेले होते. समोरासमोर, मध्ये जेमतेम चार बोटांचे अंतर. एकात हिरवा दिवा, एकात पिवळा, दोन्ही छान पेटलेले. खाली कोणीही येवो, सायकल, मूल, मांजर, दरवाजाच्या लेखी वाट मोकळीच. शिवाय मोटारीवरचा फोर्सचा स्क्रू, म्हणजे मोटारीने किती जोर लावायचा ते ठरवणारा, शेवटपर्यंत पिळलेला.

मी सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे मेंटेनन्समध्ये काढली आहेत. प्रेसचा गार्ड काढून प्रेस चालवणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवत असू. तुमच्या स्वतःच्या पुस्तिकेत लिहिले आहे की सेन्सर जमिनीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा वर लावू नयेत. हे ओपनर ज्या अमेरिकेत घरोघरी आहेत, तिथे लहान मुले दरवाजाखाली सापडून दगावली, म्हणून १९९३ पासून घरगुती ओपनरला अडथळा ओळखणारी अशी वेगळी सोय कायद्याने बंधनकारक झाली. ती सोय तुमच्या माणसाने टेपच्या एका तुकड्याने निकामी केली.

आता मूळ बिघाडाबद्दल. त्याच दिवशी मी सेन्सर पुन्हा खाली लावले, फोर्स कमी केला आणि साडेचारला दरवाजा बंद करून पाहिला. तोच प्रकार, फूटभर आला आणि परत गेला. मग पूर्वेकडच्या सेन्सरवर वर्तमानपत्राची सावली धरली. दरवाजा सरळ बंद झाला. कागद काढला की पुन्हा वर. आमचा दरवाजा दक्षिणेला आहे. पश्चिमेचा शेजारचा दुमजली बंगला दिवाळीनंतर अपार्टमेंटसाठी पाडला. मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे मोकळ्या झालेल्या प्लॉटवरून संध्याकाळचे तिरपे ऊन थेट त्या सेन्सरच्या डोळ्यात जाते आणि समोरचा किरण त्याला दिसत नाही. मी पीव्हीसी पाइपचा बोटभर लांबीचा तुकडा टोपीसारखा त्यावर बसवला. तेव्हापासून दरवाजा रोज बंद होतो आहे. बोर्ड ठणठणीत आहे.

खरी जुनी झालेली वस्तू वेगळीच निघाली, आणि तिच्याकडे तुमच्या माणसाने ढुंकूनही पाहिले नाही. दरवाजा बंद असताना लाल दोरी ओढून मोटारीपासून सोडवला आणि हाताने उचलला. अर्ध्यावर आणून सोडला की तिथेच राहायला हवा, तो धाडकन खाली येऊ लागला. म्हणजे दरवाजाचे वजन तोलून धरणारी स्प्रिंग थकली. या स्प्रिंगा साधारण १०,००० वेळा उघडझाप धरून बनवतात. आमच्याकडे दिवसातून तीनदा धरली तरी तेरा वर्षांत चौदा हजारांवर गेली. अशा स्प्रिंगवर नवी मोटार चढवली असती, तर सगळे वजन तिनेच ओढले असते आणि तीही लवकर गेली असती. स्प्रिंगला मी हात लावलेला नाही. ती पिळलेली असते, सुटली तर हात मोडते.

माझे म्हणणे असे. व्हिजिटचे साडेसातशे रुपये आणि सायकलची किंमत परत करा. स्प्रिंग बदलून द्या, तिचे रास्त पैसे मी देईन. ओपनर बदलायची वेळ खरोखर येईल तेव्हा बॅटरी बॅकअपवालाच घेईन, पण आधी काय बिघडले ते दाखवून.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शिडीवरून उतरताना तुमचा माणूस म्हणाला होता, "सगळीकडे असंच करून देतो, कटकट राहत नाही." तेव्हा मला अर्थ कळला नव्हता. नाशिकमध्ये तो ज्या ज्या घरी गेला त्यांची नोंद तुमच्याकडे असणार. त्या प्रत्येक घरी फोन करा, सेन्सर कुठे आहेत ते विचारा, आणि माणूस पाठवून ते खाली लावून द्या. हे तुम्ही केले, असे मला लेखी हवे आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. टेप गुंडाळलेल्या सेन्सरचे फोटो, कोटेशन आणि पावती सोबत जोडली आहे. काळ्या टेपचा तो तुकडाही जपून ठेवला आहे.

मी दिवसभर घरीच असतो. स्प्रिंगसाठी माणूस पाठवाल तेव्हा तो दुसरा असावा.

कळावे,
आपला ग्राहक
गंगापूर रोड, नाशिक