वनमंत्र्यांना खुले पत्र: धबधब्याला कुलूप नको, वाट आखून द्या

मा. वनमंत्री, कर्नाटक सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसानं जोर धरला की आम्हा बेळगावकरांच्या गाड्या जांबोटीच्या रस्त्याला लागतात. गेली काही वर्षं त्याच सुमाराला खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांवर बंदीचा हुकूमही येतो. कारण खरं आहे. शेवाळलेल्या दगडावर उभं राहून सेल्फी काढणारी, दारू ढोसून पाण्यात उतरणारी मंडळी मीही पाहिलीत. त्यांची वकिली मला करायची नाही.

पण बंदीनं होतं काय? नाक्यावर गाडी अडवली की शहाणा माणूस मुकाट मागं फिरतो. आगाऊ असतो तो आडवाटेनं घुसतो.

मागच्या पावसाळ्यात एका फाट्यावर चंदगडकडची चार पोरं भेटली. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पायात चपला, एकाच्या पोटरीला जळू लागलेली. ज्या खांबाला टेकून कणसं खात होती, त्याच्यावरच धोक्याची पाटी होती, फक्त कन्नडमध्ये. मी वाचून दाखवली: ‘अपाय’. तसा एक जण म्हणाला, “काका, ह्यो तर आमचाच शब्द की ओ!”

शब्द दोन्ही भाषांचा, अडलं लिपीपाशी. साहेब, कन्नड पाटी काढा असं मी म्हणत नाही. तिच्याखाली देवनागरीत एक ओळ वाढवा. इथं कोल्हापूर, गोव्याकडूनही माणसं येतात. सीमेचं काय व्हायचं ते कोर्टात होईल, पाण्यातला भोवरा तोवर थांबत नाही.

आणि वाटेचं म्हणाल तर तोडगा तुमच्याच खात्याकडे आहे. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर झुंबड उडाली, तेव्हा आधी ट्रेकिंग थांबवलं, मग ऑनलाइन नोंदणी आणली, रोजची माणसं ठरवून दिली. तेच इथं का नको? गवळी नि चापोली या गावांच्या मधल्या वज्रपोहा धबधब्याकडे एकच वाट आखा. रोज मोजकी माणसं सोडा, सोबत गावातलाच वाटाड्या द्या. कुठल्या ओढ्याला किती वेळात पाणी चढतं हे त्याला नकाशा न बघता कळतं, आणि चार महिने त्याच्या हाताला कामही मिळेल.

भीमगड अभयारण्याचा गाभा मात्र बंदच ठेवा. २०११ साली जाहीर झालेलं हे जेमतेम १९० चौरस किलोमीटरचं रान. बारापेडे गुहेतली राउटन वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी उरलीत. तिथं आमच्यासारख्या हौशी लोकांचं काही काम नाही. कुठं जायचं नाही हे सांगितलंत तर ऐकू, पण कुठं जायचं तेही सांगा की!

मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो. नोंदणीला वेळ लागेल, समजू शकतो. पाटीवरची ती एक ओळ तेवढी त्याआधी रंगवून घ्या. मजकूर मी फुकट लिहून देतो.

आपला,
टिळकवाडीतला एक पायी हिंडणारा