'होम केअर पॅकेज' या एका ओळीच्या बिलाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
गृह रुग्णसेवा विभाग

विषय : नर्सचे काम अटेंडंटकडून करून घेणे, सर्व सेवांचे एकत्र बिल देणे आणि विम्याबद्दल चुकीची माहिती देणे याबाबत तक्रार.

महोदय,

पक्षाघातामुळे माझ्या सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली आहे. गिळता येत नसल्याने नाकातून नळी आणि लघवीसाठी कॅथेटर, अशा अवस्थेत त्यांना रुग्णालयातून घरी सोडले. त्या वेळी आम्ही आपल्या कंपनीची सेवा घेतली. पैसे भरण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधींना मी स्पष्ट विचारले होते की यातले विमा कंपनी काय देईल आणि आमच्या खिशातून काय जाईल. उत्तर मिळाले, "सगळं पॅकेजमध्ये आहे मॅडम. बिल लावा, क्लेम होतो."

क्लेम नामंजूर झाला. आपल्या बिलावर 'होम केअर पॅकेज' एवढी एकच ओळ आणि तिच्यासमोर एक रक्कम आहे. कोणती सेवा, कोणत्या डॉक्टरांच्या सूचनेवरून, कोणी आणि किती वेळ दिली यातले काहीच त्यावर नाही. विमा कंपनीने हेच कारण लेखी कळवले आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे.

घरी मिळणारी सेवा एकाच जातीची नसते, हे आपल्याला मी सांगावे लागू नये. जखमेचे ड्रेसिंग, शिरेतून औषध, कॅथेटर बदलणे, नळीची देखभाल हे प्रशिक्षित नर्सचे काम. हालचाल परत आणणे फिजिओथेरपिस्टचे, एका हाताने कपडे घालायला आणि जेवायला शिकवणे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे, बोलणे आणि गिळणे स्पीच थेरपिस्टचे. अंघोळ घालणे, कूस बदलणे, कपडे बदलणे, सोबत बसणे ही अटेंडंटची कामे. स्वयंपाक आणि साफसफाईची मदत त्याहून वेगळी, आणि पलंग, एअरबेड, ऑक्सिजन यंत्र यांचे भाडे आणखी वेगळे.

पैसे कोण देणार, हे या प्रकारांवरच ठरते. आरोग्य विमा घरच्या सेवेचे पैसे देतो तेव्हा साधारणपणे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, प्रशिक्षित माणसाने केलेल्या आणि ठरावीक मुदतीच्या उपचारांचे देतो. अंघोळ, कपडे, सोबत यांचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. दीर्घकालीन निगेचा स्वतंत्र विमा असेल तर त्यातून मिळतो, काही ठिकाणी सरकारी योजनेतून मिळतो, नाहीतर कुटुंबालाच भरावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात सर्वाधिक तास याच निगेत जातात, म्हणून सर्वात मोठा बोजाही तिचाच असतो. हे आम्हाला पहिल्याच फोनवर सांगितले असते, तर नर्सच्या भेटी आणि थेरपी विम्यातून घेऊन अटेंडंटचा खर्च आम्ही आधीच वेगळा काढून ठेवला असता. आपण सगळे एका रकमेत मिसळल्यामुळे जे मिळण्याजोगे होते तेही गेले.

पैशापेक्षा गंभीर गोष्ट आता लिहिते. पॅकेजमध्ये नर्स रोज येईल असे सांगितले होते. पहिल्या काही दिवसांनंतर नर्सचे येणे विरळ झाले आणि नळीतून अन्न देण्याचे काम अटेंडंट मावशींवर आले. अन्न देण्यापूर्वी नळी जागेवर आहे ना ते तपासायचे असते, डोक्याकडची बाजू उंच ठेवायची असते आणि नंतरही काही काळ रुग्णाला आडवे करायचे नसते. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मावशींना यातले काहीही शिकवलेले नव्हते. त्या सासूबाईंना सपाट झोपवून अन्न देत असताना मी खोलीत आले म्हणून ते थांबले.

दुसरा प्रकार खांद्याचा. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या बाजूला खांद्याचे स्नायू सैल होतात, त्यामुळे तो हात धरून रुग्णाला कधीच उठवायचे नसते. मावशी नेमके तसेच उठवत होत्या. काही दिवसांतच सासूबाई खांद्याला हात लावू देईनात. फिजिओथेरपिस्टने पाहिल्यावर सांधा खाली सरकल्याचे सांगितले आणि तशी नोंद लिहून दिली. मावशींना मी दोष देत नाही. त्या मनापासून करत होत्या, रात्री दर दोन तासांनी न चुकता कूस बदलत होत्या आणि सासूबाईंच्या पाठीला एकही जखम झाली नाही ती त्यांच्यामुळेच. जे काम त्यांचे नाही, ते पुरेसे शिक्षण न देता त्यांच्या माथी मारण्याची जबाबदारी कंपनीची आहे. आम्हाला मात्र नर्स रोज येते असे धरून ठरवलेल्या पूर्ण रकमेचे बिल आले.

थेरपीबाबतही तेच. पत्रकात 'थेरपी समाविष्ट' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात फक्त फिजिओथेरपी मिळाली. गिळण्याची तपासणी कोण करणार, असे विचारल्यावर 'ते डॉक्टर बघतील' असे सांगण्यात आले. शेवटी आम्ही स्वतः स्पीच थेरपिस्ट शोधली. तिने तपासणी करून घट्टसर अन्न चमच्याने देण्यापासून सुरुवात केली आणि आता नळी निघाली आहे. ही तपासणी आपण वेळेवर केली असती तर सासूबाईंचे किती हाल वाचले असते! त्या बोलू शकत नसल्या तरी त्यांना सगळे कळते. नळी निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते आम्हाला आधी का दिसू नये, हा प्रश्न मला आपल्या कंपनीला विचारायचा आहे.

एअरबेड परत नेल्यानंतरच्या दिवसांचे त्याचे भाडेही पॅकेजच्या रकमेतून वजा केलेले नाही. तेवढी दुरुस्ती तरी लगेच व्हावी.

बिलाची फोड मागितल्यावर आपले व्यवस्थापक म्हणाले की सिस्टिममध्ये ती निघत नाही आणि या व्यवसायात सगळीकडे पॅकेजच चालते. हे खरे नाही. जपानमध्ये 2000 साली दीर्घकालीन निगेचा विमा सुरू झाला. तिथे रुग्णाला किती मदत लागते हे पाहून आधाराच्या 2 आणि निगेच्या 5 पातळ्यांपैकी एक ठरवतात, मग कोणती सेवा कधी द्यायची याची लेखी आखणी होते. जर्मनीत असा विमा 1995 पासून आहे. अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात डॉक्टरांनी किंवा तशी परवानगी असलेल्या आरोग्य तज्ज्ञाने मंजूर केलेली सेवेची आखणी लागते आणि केवळ अंघोळ-कपड्यांची मदत हवी असेल तर तिचे पैसे मेडिकेअर देत नाही. पण सेवा सुरू होण्यापूर्वी यातले मेडिकेअर काय देईल आणि रुग्णाला काय भरावे लागेल, हे तोंडी आणि लेखी सांगणे मेडिकेअरची मान्यता असलेल्या संस्थेवर बंधनकारक आहे. मला आपल्याकडून एवढेच हवे होते. त्यासाठी कोणत्याही नव्या सिस्टिमची गरज नाही, एक कागद पुरतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. संपूर्ण काळाचे बिल सेवेनुसार फोडून द्यावे. त्यात प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, आलेल्या व्यक्तीचे पद आणि नर्स व थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक असावा. नर्सच्या नोंदवहीच्या प्रती द्याव्यात, म्हणजे मला विमा कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज करता येईल. नर्स आली नाही त्या दिवसांचे नर्स आणि अटेंडंटच्या दरांतल्या फरकाचे पैसे परत करावेत. आपल्या चुकीच्या कागदांमुळे विमा कंपनीने फेरविचारातही नकार दिला, तर नर्सिंग आणि थेरपीची क्लेममध्ये बसू शकणारी रक्कम कंपनीने सोसावी. खांद्याच्या उपचारांचा खर्च कंपनीने द्यावा. आणि नळी, कॅथेटर, इंजेक्शन यांना अटेंडंटने हात लावायचा नाही, अशी लेखी सूचना आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना देऊन तिची प्रत मला पाठवावी. ही शेवटची मागणी माझ्या घरापुरती नाही. आज आपले अटेंडंट ज्या घरांत काम करत आहेत, तिथल्या रुग्णांसाठी ती तातडीची आहे.

या पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावे. फोनवर दिलेले आश्वासन मी यापुढे ग्राह्य धरणार नाही. उत्तर न आल्यास सोबतच्या कागदांसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे अर्ज करीन.

आपली ग्राहक,
(रुग्णाची सून)

सोबत : आपल्या बिलाची आणि पत्रकाची प्रत, विमा कंपनीचे नकारपत्र, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपिस्टची खांद्याबाबतची नोंद, एअरबेड परत दिल्याची पावती.