घड्याळ म्हणते, तुम्ही झोपला होता!

महोदय,

मुलाने साठीला झोप मोजणारे मनगटी घड्याळ दिले. नाशिकरोडला आम्ही रुळांजवळ राहतो. परवा रात्री दीड ते साडेतीन मी टक्क जागा होतो, दोन मालगाड्या मोजल्या. बायकोची झोपमोड नको म्हणून कूस तेवढी बदलली नाही. सकाळी घड्याळ म्हणाले, ७ तास १० मिनिटे झोप! मुलाने सेटिंग ‘नॉर्मल’वरून ‘सेन्सिटिव्ह’ केले, तर दुसऱ्या रात्री ४ तास ५ मिनिटे. त्या रात्री मला चांगली झोप लागली होती, बरं का.

सातपूरच्या कारखान्यात ३० वर्षे मी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापे घेणारे उपकरण, हाताळला. माप असे हेलकावे खाऊ लागले की आधी मायक्रोमीटर तपासायला जाई, मोजायचा शाफ्ट (दांडा) नव्हे. हे घड्याळ मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. हाताची हालचाल आणि हिरव्या दिव्याने टिपलेली नाडी, यावरून ते अंदाज बांधते. निपचित पडलेला जागा माणूस त्याला झोपलेलाच वाटतो. सेन्सिटिव्ह केले की जराशी चुळबुळही जागेपणात जमा. झोपेच्या खऱ्या तपासणीत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, डोळ्यांची हालचालही. मग ‘गाढ झोप ५२ मिनिटे’ असे मिनिटावर बोट ठेवून सांगणाऱ्यांनी ‘अंदाजे’ हा शब्द खोक्यावर ठळक छापायला काय हरकत आहे?

आलेख घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो बाजूला ठेवून विचारले, “दुपारी किती झोपता?” ती झोप घड्याळात नव्हतीच.

– एक निवृत्त कामगार, नाशिकरोड