कोर्ट बदललं, खर्च कोणाच्या खिशातून? पक्षकार मदत निधीसाठी नागपूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

डिसेंबर जवळ आला की आपल्या शहरात मोर्चे, बंद रस्ते आणि आमदार निवासातली गर्दी यांचीच चर्चा असते. त्याच दिवसांत विधान भवनात विधेयकंही मांडली जातात, पण ती वाचतो कोण? खर्चाचा प्रश्न येत असेल तर विधेयकाच्या शेवटी ‘वित्तीय ज्ञापन’ जोडलेलं असतं. किती रकमेपर्यंतचा दावा कोणत्या कोर्टात चालेल, अपील कुठं आणि किती दिवसांत करायचं, एवढाच बदल असेल तर खर्चाच्या रकान्यात सहसा फारसं काही येत नाही. न्यायाधीश तेच, इमारत तीच, मग खर्च कसला, असा हिशेब!

खर्च होतो. सरकारी वहीत तो दिसत नाही इतकंच. म्हणूनच आमच्या वाचनालयाच्या पक्षकार मदत समितीने हे आवाहन काढलं आहे. आम्हाला पैसे हवेत, आणि त्याहून जास्त माणसं हवीत.

एक उदाहरण देतो. चंद्रपूरच्या एका कुटुंबाने ६० लाखांचा फ्लॅट घेतला आणि बिल्डरने ताबाच दिला नाही असं समजा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १ कोटीपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगाकडे जायची. म्हणजे तक्रार चंद्रपुरात आणि अपील राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने नियम बदलून जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांवर आणली. आता त्याच कुटुंबाने तक्रारच नागपुरात करायची आणि अपिलाला दिल्ली गाठायची. अपिलाची मुदतही ४५ दिवसांवरून ३० दिवसांवर येते, कारण राज्य आयोगाच्या आदेशाला तेवढीच मुदत आहे. नियम केला दिल्लीने. राज्य आयोगाचे पगार आणि जागा पुरवायची मुंबईने. एसटीचं तिकीट काढायचं चंद्रपूरच्या माणसाने.

उलटंही होतं. मोटार अपघाताच्या दाव्यात वादातली रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल, तर एप्रिल २०२२ पासून हायकोर्टात अपीलच करता येत नाही. आधी ही मर्यादा १० हजार होती. हायकोर्टाचा बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, हलका होतो हे खरं. पण न्यायाधिकरणाने ८० हजार कमी दिले असं ज्या जखमी मजुराला वाटतं, त्याच्यापुरता तिथं विषय संपतो. ही बचत कोणाच्या जिवावर झाली हे अर्थसंकल्पात कुठं लिहिलेलं नसतं.

अर्थसंकल्पाचंच बोलायचं तर आमच्यातल्या एका निवृत्त कोषागार अधिकाऱ्याने आम्हाला ‘२०१४’ हे मुख्य शीर्ष शिकवलं. हा सालाचा आकडा नव्हे, न्यायदानाच्या खर्चाचं ते खातं आहे. त्यात दोन तऱ्हेच्या रकमा असतात. संविधानाच्या अनुच्छेद २२९ नुसार हायकोर्टाचा प्रशासकीय खर्च ‘भारित’ असतो, त्यावर सभागृहात मतदान होत नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा खर्च ‘दत्तमत’, म्हणजे आमदारांनी मंजूर केला तर मिळणारा. अपिलं हायकोर्टाकडून जिल्हा न्यायालयाकडे वळवली की काम भारित बाजूकडून दत्तमत बाजूला सरकतं. सोबत स्टेनो, बेलिफ, नकला काढणारा कारकून आणि फायली ठेवायला रॅकही सरकायला हवेत. ते आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते. मुंबईत शहर दिवाणी न्यायालयाची दाव्याच्या रकमेची मर्यादा २०२४ मध्ये १ कोटीवरून १० कोटींवर गेली, तेव्हाही प्रश्न हाच होता. वकिलांमध्ये त्यावर बोलणं झालं, बाकीच्यांना पत्ताही नाही.

कायदा करतानाच कोर्टांवर पडणारा खर्च मोजावा, हा विचार नवा आहे असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम वकील संघाच्या प्रकरणात तो उचलून धरला. मग न्या. एम. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००८ मध्ये अहवाल दिला. कायद्यामुळे कोर्टात किती प्रकरणं वाढतील आणि त्यांना किती पैसा लागेल याचा अंदाज विधेयकासोबतच द्या, असं त्यात म्हटलं होतं. चेक बाउन्सचंच बघा. १९८८ मध्ये केंद्राने तो गुन्हा ठरवला आणि खटल्यांचा ढीग राज्याच्या पैशावर चालणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे येऊन पडला. एवढं होऊनही असा अंदाज जोडायची रीत अजून पडलेली नाही.

नागपूरला हे लवकर कळायला हवं. १९३६ पासून आपल्याकडे स्वतंत्र हायकोर्ट होतं. १९५६ मध्ये राज्यं बदलली आणि ते मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं. अख्ख्या विदर्भाचे ११ जिल्हे इथं येतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. तिथल्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, त्यांचं मनापासून कौतुक. मात्र सिरोंच्याच्या माणसाला नागपूरही साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं आहे. तो रात्रभर एसटीत बसून सकाळी गणेशपेठेला उतरतो, स्टँडवरच तोंड धुतो, सिव्हिल लाइन्स गाठतो आणि दुपारी त्याला पुढची तारीख मिळते.

अशा माणसाच्या पिशवीत काय असतं ते आम्ही रोज बघतो. खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल, जुना सातबारा, पटवाऱ्याचा अर्धवट उमटलेला शिक्का, मौजा आणि खसरा क्रमांक लिहिलेला पंचनामा, आणि पाणी लागून शाई पसरलेली साक्षीदाराची जबानी. सगळं मराठीत, त्यातलं निम्मं हाताने लिहिलेलं. जिल्हा न्यायालयात हे असंच चालतं. हायकोर्टात कामकाज इंग्रजीत, त्यामुळे भाषांतर आलं, टायपिंग आलं, पेपर बुक (अपिलाच्या सगळ्या कागदांचा बांधलेला संच) आलं. निकालाविरुद्ध हायकोर्टात दिवाणी अपील करायला ९० दिवस असतात. जमीन संपादनाच्या २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याला फक्त ६०. दिवस मोजायला लागले की भाषांतराचे दर चढतात, हे कोर्टासमोरच्या कोणत्याही झेरॉक्सवाल्याला विचारा.

सरकार मोफत वकील देतं, मग तुमची समिती कशाला, असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले बंदी आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता ही मदत मिळते. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. हेल्पलाइन १५१००. आमच्याकडे जो येतो त्याला आम्ही आधी तिकडेच पाठवतो. तिथं जे फुकट मिळतं त्यावर तुमच्या देणगीतला एक रुपयाही आम्ही खर्च करत नाही. आमचा निधी उरलेल्यांसाठी आहे. सव्वातीन लाख उत्पन्न असलेला शेतकरी त्या मर्यादेत बसत नाही आणि वकिलाची फीही त्याला झेपत नाही. शिवाय मोफत वकील मिळाला तरी प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे. न्याय विभागाचा थोडा भार परिवहन महामंडळ नकळत उचलतंय म्हणायचं!

या वर्षी आम्हाला दोन लाख रुपये उभे करायचे आहेत. मोठा भाग नकला, भाषांतर आणि टायपिंगवर जाईल, उरलेला गडचिरोली, गोंदिया, बुलढाणा अशा लांबच्या पक्षकारांच्या जेवणावर आणि एका रात्रीच्या मुक्कामावर. वकिलांची फी आम्ही देत नाही. कोणत्याही राजकीय पक्षाचा पैसा घेत नाही. ज्याचं प्रकरण आमच्याकडे चालू आहे त्याची देणगीही घेत नाही, मग तो कितीही आग्रह करो. ५०० रुपयांपासून पुढे जे जमेल ते द्या. ८०-जी ची करसवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

माणसांचं म्हणाल तर निवृत्त स्टेनो, शिरस्तेदार, नाझर अशा कोर्टातल्या कर्मचाऱ्यांची आम्हाला फार गरज आहे. अपिलात कोणता कागद कमी पडला म्हणून ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या कार्यालयाची हरकत) निघेल हे त्यांना नजरेनेच कळतं. मराठी हस्ताक्षर वाचून इंग्रजीत उतरवणारे लोक हवेत, आठवड्यातली एक संध्याकाळ दिली तरी चालेल. विधी आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं काम आहे. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरची उघडी माहिती बघून, मर्यादा बदलल्यावर विदर्भातल्या कोणत्या न्यायालयात किती अपिलं वाढली आणि तिथं मंजूर पदं किती होती, याचा तक्ता करायचा. त्यावरून एक टिपण बनवून अधिवेशनाआधी विदर्भातल्या सगळ्या आमदारांना द्यायचं आहे. मागणी एकच: न्यायालयाचं अधिकारक्षेत्र किंवा अपिलाचा नियम बदलणारं विधेयक आलं, तर वित्तीय ज्ञापनात पदं, जागा आणि पक्षकाराचा प्रवास यांचाही आकडा असावा.

त्या टिपणासाठी तुमच्या घरातले कागदही उपयोगी पडतील. अपिलासाठी तुम्ही स्वतः खर्च केला असेल तर नकलेच्या पावत्या, भाषांतराची बिलं, जपून ठेवली असतील तर एसटीची तिकिटंही आणून द्या. नाव गाळूनच आम्ही ती वापरू. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स पुरे.

महालातल्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ आम्ही बसलेले असतो. चेक समितीच्या नावे काढा. रोख देणार असाल तर पावती हातात पडल्याशिवाय उठू नका.

समितीच्या वतीने,
सचिव