रात्री दोनची नोंद

अहिल्यानगर,
बुधवार, रात्र.

चि. रूथ हिस,
प्रभु येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

तू मुंबईला पोचल्याचा निरोप मिळाला. नुसते ‘पोचले’ एवढेच लिहिलेस, त्यावरून राग अजून उतरलेला नाही हे कळले. फोन केला असता तर आपण दोघी पुन्हा त्याच ठिकाणी येऊन अडकलो असतो, म्हणून पत्र लिहिते आहे. चर्चला जाण्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

रविवारी रात्री बॅग भरताना तू जे बोललीस, ते तीन दिवस माझ्या डोक्यात घोळते आहे. मी एवढेच विचारले होते की, रविवारची सुट्टी मिळेल का, आणि सकाळची ड्युटी लागली तर संध्याकाळच्या उपासनेला जाता येईल का. त्यावर तू हातातला टॉवेल खाली ठेवलास आणि म्हणालीस, ‘‘आई, तू माझे रविवार मोजतेस. चार वर्षे आत्याशी तू एक शब्द बोललेली नाहीस, आणि दर पहिल्या रविवारी प्रभुभोजन मात्र दोघीही घेता, ती डावीकडच्या बाकावर बसून आणि तू उजवीकडच्या.’’ त्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होते. विशेषतः ‘आज पप्पा असते तर’ हे शब्द. त्याबद्दल मला क्षमा कर. तू म्हणालीस ते खोटे असते, तर मी एवढी चिडले नसते.

तरीही आईचा जीव म्हणून सांगते की, भायखळ्याच्या बाजूला मराठी ख्रिस्ती मंडळी आहे, असे आपले पाळक म्हणाले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईतच उतरले आणि आपल्या नगरला यायला त्यांना १८३१ साल उजाडले. तेव्हा मुंबईसारख्या शहरात चर्च सापडले नाही, ही सबब निदान माझ्यापुढे चालायची नाही. झाले, लिहिलेच. ठरवलेले पहिल्या पानापर्यंतसुद्धा टिकले नाही. हा परिच्छेद खोडणार होते, पण खोडलेले तू उजेडात धरून वाचशील हे मला माहीत आहे, म्हणून राहू देते.

आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी पप्पांनाही कधी सांगितली नाही. मिरजेहून शिकून आल्यानंतरची माझी दुसरी नोकरी होती आणि १९९१ सालचा डिसेंबर होता. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण दोष त्या दवाखान्याचा नव्हता. स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डात बेचाळीस खाटा आणि रात्री मी एकटी सिस्टर, मदतीला एक मावशी. दर चार तासांनी ताप, नाडी आणि श्वास मोजून चार्टवर चढवायचे असत. तेव्हा पाऱ्याचे थर्मामीटर होते. पारा झटकून खाली आणायचा, थर्मामीटर बगलेत ठेवायचा, तोवर मनगट धरून घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत उभे राहायचे. दोन वाजता फेरीला निघाले. चौदा खाटा नीट केल्या. पंधराव्या खाटेपाशी माझे पाय थंडीने आणि झोपेने असे जड झाले की, मी टेबलाजवळ येऊन बसले, चार्टची चळत पुढे ओढली आणि उरलेल्या सगळ्या चार्टांवर ओळीने लिहीत गेले: अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, ऐंशी, वीस. आधीच्या दहाच्या नोंदी चांगल्या होत्या, म्हणजे आताही सगळ्या ठीकच असणार, अशी मी मनाची समजूत घातली. एका ठिकाणी नाडी ऐंशीची ब्याऐंशी केली. रूथ, ती ब्याऐंशीच मला आजवर सर्वांत जास्त टोचते, कारण बाकीचा आळस होता आणि ती मात्र हुशारी होती.

सकाळी सहाला तेविसाव्या खाटेवरच्या बाईंच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. एकशे तीन. पोटाचे ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. सर्जन आले, त्यांनी चार्ट पाहिला आणि शेजारच्या डॉक्टरांना म्हणाले, ‘‘दोन वाजता काही नव्हते, म्हणजे चार तासांत चढला आहे.’’ माझ्या खोट्या आकड्यावर ते हिशेब मांडत होते आणि मी ट्रे धरून शेजारी उभी होते. त्यांनी टाके उघडले, आत पू होता. बाई वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी जाताना त्यांनी मला कागदात बांधलेल्या भाजक्या शेंगा दिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सिस्टर, तुम्ही आमच्यासाठी रात्र रात्र जागलात.’’ त्या शेंगा मी मावशीला देऊन टाकल्या.

मला खरे सांगायचे आहे ते पुढे आहे. ती सकाळ रविवारची होती. मी सकाळच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवला, हॉस्टेलवर जाऊन आंघोळ केली, पांढरी साडी नेसले आणि उपासनेला गेले. गायनमंडळात उभी राहून नारायण वामन टिळकांचे, आपल्या ख्रिस्ती कवींचे, भजन म्हटले. त्या दिवशी कोणी माझे रविवार मोजले असते, तर माझा रविवार पूर्ण भरला असता.

त्यानंतर मी कधीही खोटी नोंद केली नाही, असे इथे लिहिणार होते. पण तू स्वतः वॉर्डात उभी राहणारी मुलगी आहेस, तुला ते खरे वाटणार नाही. ताप आणि नाडी मी नोकरी संपेपर्यंत मोजली. श्वास मात्र एकदोनदा अंदाजाने ‘वीस’ लिहिला आहे. श्वास मोजायला पूर्ण मिनिटभर पेशंटच्या छातीकडे बघत उभे राहावे लागते, आणि ते कोणी मोजत नाही हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असते. तू मोज. निदान पहिले वर्षभर तरी मोज.

मॅट्रन असल्यासारखी बोलू लागले आहे, तेव्हा उरलेलेही सांगून टाकते. पेशंट घरी जाताना नातेवाईक खिशात पैसे कोंबतील, ते घेऊ नकोस. औषध दिले नसेल तर ‘दिले’ म्हणून सही करू नकोस, मग कोणी कितीही ओरडले तरी चालेल. मावशीला तिच्या नावाने हाक मार. दहाच्या औषधांच्या वेळी तुझ्या मोबाइलवर वचनांचे स्टेटस टाकलेले मला दिसू देऊ नकोस. आणि एखादे माणूस वेदनेने तळमळत असताना त्याच्या उशाशी उभे राहून आपल्या धर्माचे सांगू नकोस. त्याने विचारले तर गोष्ट वेगळी. माझ्या वॉर्डात एक वारकरी म्हातारी होती. ऑपरेशनला नेताना अंगावरचे सगळे काढायचे, पण तुळशीची माळ काढायला ती तयार होईना. मी इन्चार्ज सिस्टरना विचारून ती माळ तिच्या मनगटाला गुंडाळली आणि वरून गॉजपट्टी बांधली. आपल्याच मंडळीतल्या एका बाईंना ते आवडले नाही. त्यांना मी तेव्हा उत्तर दिले नव्हते, आज सुचते आहे, पण आता त्या नाहीत.

पुरे झाला उपदेश. माफ कर. तुला हे सगळे कॉलेजात शिकवले आहे आणि तुझे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितले आहे. तुला सांगायचे राहिले असेल.

लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी तू रविवार शाळेत नाटकात केला होतास, पप्पांचा पंचा डोक्याला बांधून. त्या गोष्टीवर मी आयुष्यात पुष्कळ उपदेश ऐकले, पण एका ओळीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, आणि मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले ते दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्रीविषयी शास्त्रात एवढेच आहे की, त्याने त्याची काळजी घेतली. म्हणजे त्या रात्रीची ड्युटी त्यानेच केली. जखमांना तेल लावलेले, अंगात ताप येणार, पाणी मागणार, रात्री दोन वाजता कण्हणार. हे मला दिसते, कारण मी तसल्या रात्री काढल्या आहेत. त्या जखमी माणसाला पाहूनही बाजूने निघून गेलेले पुजारी आणि लेवी यांच्याविषयी आता मी पूर्वीइतके वाईट बोलत नाही. कदाचित तेही कुठे तरी उपासनेला वेळेवर पोचायच्या घाईत असतील.

तुझी आजी असती तर तिने हे दोन वाक्यांत सांगितले असते. आपली मूळ बाई म्हणजे तुझी खापरपणजी. १८९७ साली दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली गोळा करून आणल्या आणि केडगावच्या शेतावर ठेवल्या, त्यांतली ती एक. तेव्हा नऊ वर्षांची असेल. आईबापांची नावेही तिला नीट आठवत नव्हती. शाळेत मला एकदा कोणी तरी म्हणाले की, तुम्ही लोक पोटासाठी बाटलात. मी रडत घरी आले. आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘पोटासाठीच आलो, खोटे कशाला बोलायचे? पण भाकर दिल्यावर बाईंनी पाटी-पेन्सिल दिली आणि हाताला काम शिकवले, ते कोणत्या पोटासाठी, ते विचार त्यांना.’’ आणि मला भाकरी उलटायला लावली. आजी दर रविवारी चर्चला जात नसे, हेही तुला सांगून टाकते. म्हैस होती. मी लहानपणी त्यावरून तिच्याशी भांडत असे; तू माझ्याशी भांडतेस ते तिच्याकडूनच आले असावे.

तू त्या रात्री शेवटी म्हणालीस की, ‘‘माझा विश्वास आहे की नाही, हे मला अजून माहीत नाही, आणि नसताना आहे असे मी दाखवणार नाही.’’ ते ऐकून मी घाबरले, आणि घाबरल्यावर मी ओरडते हे तुला माहीत आहे. मग रात्रभर लक्ष्मीबाई टिळक आठवत होत्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे त्या आपल्या मनाने, आपल्या पायांनी चालत आल्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मान खाली घालून मागे उभ्या राहिल्या असत्या, तर आपण आज त्यांचे नाव घेतले असते का? इतके मला कळते. पण टिळकांच्या घरात त्या पाच वर्षांत रोज रात्री काय वाटत असेल, तेही आता कळू लागले आहे. तू खोटी नोंद करत नाहीस याचा मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो. दोन्ही खरे आहे.

आता आत्याचे. तुझे नाव तिनेच ठेवले, हे तुला माहीत असेल. मला ‘करुणा’ हवे होते. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी नाव विचारले आणि मी तोंड उघडण्याआधी ती मागच्या बाकावरून ‘रूथ’ म्हणाली. आमचे दोघींचे तेव्हापासूनचे आहे. पाथर्डीच्या घराच्या कागदाचे मी कधीच सोडून दिले आहे. पण पप्पा गेले त्या आठवड्यात ती दारात उभी राहून जे बोलली, ते मला अजून गिळता येत नाही. आणि मी काय बोलले, ते तू तेव्हा आतल्या खोलीत होतीस म्हणून तुला माहीत नाही. तेही चांगले नव्हते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की, वेदीशी अर्पण नेल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जावे. मी इतकी वर्षे असे धरून चालले होते की, तिथे आपल्या मनात काही असेल तर, असे लिहिले आहे. काल चष्मा लावून पुन्हा वाचले. त्याच्या मनात असेल तर, असेच आहे.

आज दुपारी मी तिला फोन लावला. सहा वेळा वाजला, तिने उचलला नाही. झोपली असेल, ती दुपारी झोपते. पुन्हा लावलेला नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, आणि तोपर्यंत काही झाले नाही, तर भाकर माझ्यापर्यंत येण्याआधी मी बाहेर उठून जाईन की बसून राहीन, हे मला आत्ता सांगता येत नाही. उठून गेले तर सगळी मंडळी बघेल. बसून राहिले तर तुला तोंड दाखवता येणार नाही.

तुझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, मोज्यांच्या खाली, माझे जुने घड्याळ ठेवले आहे, गणवेशाला पिनने लावायचे. त्यात नवा सेल घातला आहे. सेकंदकाटा बाराजवळ किंचित अडखळतो, पण मिनिट बरोबर दाखवतो. मी दोनदा पडताळून पाहिले. लाडू लवकर संपव, त्यांत ओले खोबरे आहे.

ड्युटीचा तक्ता लागला की कळव. रविवारी कोणती पाळी आहे, तेवढेच.

तुझी,
आई