काजूच्या टरफलाचा पैसा कुठे जातो?

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : काजूच्या टरफलापासूनचा रसायन उद्योग कोकणातच उभा राहावा आणि त्यातला वाटा बी फोडणाऱ्या बायकांना मिळावा, याबाबत.

स. न. वि. वि.

बारसू-सोलगावचा विषय निघाला की कोकणी माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : रिफायनरी नको म्हणता, मग पोरांना कामधंदा कोण देणार? प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आधी नाणार, मग बारसू, यात राजापूर तालुक्याची कितीतरी वर्षं गेली. पण क्रूड तेलापासून जी रसायनं बनवायची, त्यातल्या एकाला पर्याय देणारा कच्चा माल आमच्या काजू कारखान्यांच्या मागल्या दारी ढिगाने पडलेला असतो. त्याकडे एकाही सरकारने धड पाहिलेलं नाही.

मी कुडाळ तालुक्यात काजूचा लहान कारखाना चालवतो. शंभर किलो बी फोडली की पंचवीस-अठ्ठावीस किलो गर हाती लागतो आणि साठ-सत्तर किलो टरफल उरतं. टरफलाच्या दोन पापुद्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यात जळजळीत तेल भरलेलं असतं. एक्स्पेलरवर, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रावर, टाकलं तर टरफलाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तेल निघतं. ते तापवून, हवा काढलेल्या भांड्यात त्याचं ऊर्ध्वपातन केलं की कार्डेनॉल मिळतं. हा फिनॉलचा भाऊबंद. फिनॉल येतं क्रूडमधल्या बेंझिनपासून, कार्डेनॉल येतं आमच्या कातळावरच्या झाडापासून. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, जहाजांना लावायच्या इपॉक्सी रंगात, लॅमिनेटच्या रेझिनमध्ये (कृत्रिम राळेत) ते आजही वापरलं जातं. ब्रेकसाठीचा वापर तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनचा. थोडक्यात, तंत्रज्ञान तयार आहे, गिऱ्हाईक तयार आहे.

आणखी एक सोय आहे. याला नवी जमीन लागत नाही, पाटाचं पाणी लागत नाही. उसाच्या इथेनॉलचं काय झालं ते आपण पाहिलंच. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या आणि डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एकाएकी मनाई केली. खाण्याचं पीक आणि कारखान्याचा कच्चा माल एकच असला की हा झगडा येणारच. टरफल कुणी खात नाही. गर बाजारात जातो तो जातोच.

आता ज्या बाजूबद्दल कुणी बोलत नाही, तिकडे येतो.

काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. बिब्बा अंगावर उततो तसा काजूचा चीकही उततो. आपण रत्नागिरीचे, आपल्याला हे सांगायला नको. कारखान्यात बी वाफेवर शिजवून वाळवतात. मग बाई ती एकेक करून कटरच्या पात्यात धरते, पायाने दांडा दाबते, टरफल उकलतं आणि ती टोच्याने गर बाहेर काढते. दिवसभर हेच. पुन्हा पुन्हा पुसलं तरी तेल बोटांना लागतंच. राख लावतात, खोबरेल लावतात. तरीही बोटांची टोकं काळी पडतात, सालपटं निघतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, म्हणून धान्य न घेता परत आलेल्या बायका माझ्याच कारखान्यात आहेत. हातमोजे आहेत, पण ते घातले की बी निसटते. मजुरी किलोवर असल्यामुळे हातमोजे घातले की दिवसाची कमाई घटते, म्हणून दुपारपर्यंत ते खिळ्यावर टांगलेले दिसतात. दोष त्यांचा नाही. मजुरीची पद्धतच तशी आहे, आणि ती पद्धत मीही चालवतो.

म्हणजे ज्या रसायनाला उद्या ‘हरित’ म्हणून पुरस्कार मिळेल, ते पहिल्यांदा उतरतं या बायकांच्या हातावर. किमतीत मात्र त्यांचा वाटाही नसतो. गराचा भाव सगळ्या गावाला पाठ असतो. टरफलाचा भाव ट्रक घेऊन येणारा व्यापारी सांगेल तो. लहान कारखानदाराकडे साठवायला जागा नसते, पावसात टरफल भिजून वाया जातं, म्हणून तो नडलेला असतो. ट्रक जिल्ह्याबाहेर गेला की टरफलाचं तेल होतं, तेलाचं कार्डेनॉल होतं, कार्डेनॉलचं आणखी काही होतं आणि प्रत्येक पायरीला किंमत चढत जाते. आमच्याकडे पहिली पायरीही नीट नाही. बरंचसं टरफल बॉयलरखाली जळतं, त्याचा झोंबणारा धूर शेजारच्या वाडीत जातो आणि तक्रार अर्ज आमच्याच नावाने येतो. (अर्ज करणाऱ्यांचंही चुकत नाही.)

शासनाने काजूसाठी काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 1990 पासूनच्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेने कोकणच्या वरकस जमिनीवर काजू उभा केला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने कलमं दिली. अलीकडे काजू मंडळ जाहीर झालं, 2024 च्या हंगामासाठी बीला किलोमागे 10 रुपये अनुदानही जाहीर झालं. पण या सगळ्यात टरफल कुठे आहे? आणि केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेल्या, जैवतंत्रज्ञानावरच्या उत्पादनाला चालना देणाऱ्या बायोई-3 धोरणात जैव रसायनं अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. ते धोरण पुण्या-मुंबईच्या परिषदांपुरतं राहू नये एवढीच इच्छा.

मागणी साधी आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत लहान कारखानदारांच्या सामाईक मालकीची तेल काढण्याची केंद्रं उभी करा, आणि दोन्ही जिल्ह्यांना पुरेल असा कार्डेनॉलचा एक प्रकल्प. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड-आजऱ्याचा मालही त्याला जोडता येईल. टरफलाचा भाव दर आठवड्याला काजू मंडळाने जाहीर करावा. आणि सामाईक केंद्राला भांडवली अनुदान देताना अट घाला की जो कारखाना किलोवरच्या मजुरीसोबत रोजाच्या किमान कमाईची हमी देईल, हातमोजे आणि त्वचेच्या तपासणीचा खर्च उचलेल, त्याचंच टरफल तिथे घेतलं जाईल. माझे काही व्यवसायबंधू या अटीवर नाराज होतील. होऊ देत.

दोन धोके आताच सांगून ठेवतो. क्रूड उतरलं की फिनॉल स्वस्त होतं आणि रेझिनवाले कार्डेनॉल सोडून तिकडे वळतात. तेव्हा तोटा टरफल विकणाऱ्याच्या माथी मारला जातो. तो सोसायला भावफरकाचा निधी हवा, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केंद्रांना कुलूप लागेल. दुसरा धोका मोठा. ‘वनस्पतीजन्य’ असा शिक्का मिळाला म्हणून सांडपाण्याच्या आणि धुराच्या नियमांत कुणालाही सवलत देऊ नका. कार्डेनॉलच्या ऊर्ध्वपातनानंतर डांबरासारखा गाळ उरतो, आणि कार्डेनॉलपासून रेझिन करताना फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन वापरलं जातं. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या मासेमारांचं काय झालं, ते कोकण विसरलेलं नाही. त्या माणसांना आपण काजूचं नाव सांगून दुसरी लोटे देऊ शकत नाही. म्हणून जागा ठरवण्याआधी ग्रामसभा घ्या, आणि प्रकल्पाचा अहवाल मराठीत वाचायला द्या.

फेब्रुवारीत बी यायला लागते, मेअखेर हंगाम संपतो आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी टरफल विकून मोकळं व्हावं लागतं. या हंगामाआधी निदान एका तालुक्यात तेल काढण्याच्या केंद्राची निविदा निघावी. कुडाळ एमआयडीसीत जागा आहे का, एवढी चौकशी आपल्या कार्यालयातून एका फोनवर होईल.

कळावे.

आपला,
कुडाळ तालुक्यातला एक काजू कारखानदार