लघवी होत नसली तरी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डायलिसिस यंत्रांच्या लोकार्पणाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. फीत, हार, फोटो. त्याबद्दल तक्रार नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं जिल्हा रुग्णालयांसाठी डायलिसिसची राष्ट्रीय योजना आणली, आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा खर्च बसतो, म्हणूनच आमच्यासारखी घरं तगली आहेत. पण आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, म्हणजे १६८ तासांतले ८ तास पेशंट यंत्रावर असतो. उरलेल्या १६० तासांत काही झालं तर कॅज्युअल्टी गाठावी लागते. हे पत्र तिथल्या एका प्रश्नाबद्दल आहे.

माझे वडील ७१ वर्षांचे. मधुमेह जुना, डायलिसिसचं चौथं वर्ष. लघवी जवळजवळ बंद, दिवसाकाठी अर्धी वाटीही नाही. गेल्या श्रावणात एका रविवारी रात्री ते बरळायला लागले. कधीच्या मेलेल्या बैलांना नावानं हाका मारत होते. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "लघवीला जळजळ?" आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, "लघवी होतच नाही त्यांना." विषय तिथंच मिटला. ताप नव्हता. साखर बघितली, पोटॅशियम बघितलं, पहाटे मेंदूचा सीटी स्कॅनही झाला. कशातच काही सापडलं नाही. सोमवारी डायलिसिसच्या खाटेवर घेताना तिथल्या सिस्टरनं हळूच विचारलं, "बाबांच्या लेंग्याला असा वास कधीपासून येतोय?" नळी घातली, तर पिशवीत लघवी नाही, पू उतरला.

डॉक्टरांवर खापर फोडणं सोपं आहे, पण ते उत्तर आम्हीच दिलं होतं. किडनीच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. लघवीची धार मूत्राशय रोज धुऊन काढत असते. धार आटली की आत जे थोडंफार झिरपतं ते डबक्यासारखं साचून राहतं, आणि जंतूंना आयती जागा मिळते. जळजळ होणं, सारखं जावंसं वाटणं, ही लक्षणं दिसायला मुळात लघवी व्हायला हवी. डायलिसिसवरच्या माणसाची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते, त्यामुळे ताप चढेलच असं नाही. दिसतं ते वेगळंच: बरळणं, एकाएकी गळून जाणं, बीपी उतरणं, ओटीपोट दुखणं, कपड्यावर डाग. घरच्यांना वाटतं, वय झालं.

याच्या बरोबर उलटा प्रकारही आम्ही भोगला. चार महिन्यांनी कुणीतरी सहज म्हणून वडिलांची लघवी तपासायला लावली. रिपोर्टात पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, भरपूर. लगेच लघवीच्या संसर्गावरच्या नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकच्या गोळ्या हातात पडल्या. वडिलांना त्रास तर काहीच नव्हता! डायलिसिसवाल्यांच्या त्या थेंबभर लघवीत संसर्ग नसतानाही पस सेल्स सापडतात. त्रास असेल तर कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायचं आणि औषध ठरवायचं, नुसत्या आकड्यावर नाही. शिवाय ही गोळी किडनीतून लघवीत उतरली तरच कामाची. किडनीच बंद असली की ती जिथं पोचायला हवी तिथं पोचत नाही, रक्तात साठते आणि हातापायांच्या नसांना इजा करू शकते. इतर अँटिबायोटिक्सचंही तसंच. काहींचा डोस कमी करावा लागतो, काही यंत्रावर रक्ताबरोबर धुतली जातात म्हणून डायलिसिसनंतरच द्यायची असतात. हे मेडिकलच्या काउंटरवर कोण सांगणार?

म्हणून विनंती अशी. प्रत्येक डायलिसिस केंद्रानं पेशंटच्या हाती एक कागद द्यावा. शेवटचं डायलिसिस कधी झालं, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती, फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) कोणत्या हातात (त्या हाताला एरवी ना सुई, ना बीपीचा पट्टा), दिवसाला लघवी किती होते, किडनीच्या डॉक्टरांचा फोन. एका बाजूला मराठी, मागं इंग्रजी, कारण रात्रपाळीचे डॉक्टर कधी कधी परराज्यातले असतात. आमची फाइल केंद्राच्या कपाटात असते आणि रात्री दोन वाजता त्या कपाटाला कुलूप. आणि कॅज्युअल्टीत "लघवी होत नाही" हे ऐकल्यावर पुढच्या प्रश्नाकडे वळण्याआधी ओटीपोट चाचपून बघावं, मूत्राशयावर सोनोग्राफी फिरवावी. सीटी स्कॅनपेक्षा स्वस्तात होतं.

आमच्या घरी असा कागद मुलीनं वहीच्या पानावर लिहून दिलाय. तो वडिलांच्या बंडीच्या खिशात, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून असतो. मागच्या महिन्यात पुन्हा रात्री पळापळ झाली, तेव्हा डॉक्टरांनी तो उलगडला, वाचला आणि डावा हात सोडून उजवा मागितला. मग नर्सला म्हणाले, "आधी मूत्राशय बघू."

आपला,
एक वाचक, जि. सांगली